उत्तर किनाऱ्यावरचं अस्वल

एकट्या उत्तर किनाऱ्यावर गेल्या आठवड्यात चारशे बारा नवखे मेले, असं विभागप्रमुख बाईंनी येऊन सांगितलं तेव्हा मास्तर जेवणाचा डबा उघडत होते. त्यांनी झाकण परत लावलं आणि आकडे बघायला घेतले.

मास्तर हे त्यांचं खरं नाव नव्हे. एका ऑनलाइन गेममधले आकडे बसवणं हे त्यांचं काम, म्हणून कचेरीतली तरुण मंडळी आधी त्यांना आकडेमास्तर म्हणायची, मग नुसतंच मास्तर. हजारो लोक आपापल्या घरी बसून त्या गेममधल्या एकाच बेटावर उतरत, लाकडं तोडत, झोपड्या बांधत, जनावरं माणसाळवत आणि जमेल तितकं जगत. लांडग्याचा चावा किती खोल असावा, भूक किती वेळाने लागावी, हे मास्तर ठरवत. अस्वल माणसाळायला त्यांनी बावीस दिवस ठेवले होते. रोज थोडं जवळ जायचं, मासा टाकायचा, मागे फिरायचं. घाई केली की ते अंगावर यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुखणं जुनंच होतं. जनावर सहज माणसाळलं तर जुन्या खेळाडूंना त्याची किंमत राहत नाही. कष्टाने माणसाळवलेलं जनावर राखणीला बसलं, तर ते मालकाशिवाय कुणालाच जवळ येऊ देत नाही. मग नुकता उतरलेला, हातात साधी काठीही नसलेला माणूस पाच मिनिटांत मरतो आणि गेम बंद करून जातो तो कायमचा. बाईंचा उपाय सरळ होता. सगळ्याच पाळीव जनावरांचं बळ संध्याकाळपर्यंत निम्मं करून टाकायचं.

मास्तर बरं म्हणाले. गेले सात महिने ते सगळ्यालाच बरं म्हणत आले होते.

मग त्यांनी यादी उघडली. चारशे बारांपैकी जवळजवळ चारशे जणांना एकाच अस्वलाने मारलं होतं. त्यांनी मालकाचं नाव बघितलं. ते त्यांच्या ताईचं होतं. ताईला जाऊन सात महिने झाले होते. नावाखाली लिहिलं होतं : शेवटचा मासा, आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटं.

मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग डबा उघडून जेवले, डबा धुतला, पुसला आणि दोन तासांची रजा मागून बाहेर पडले.

ताई एकतीस वर्षं इस्पितळात नर्स होती. निवृत्त झाली, गुडघ्यांनी दगा दिला, आणि एक दिवस म्हणाली, तू दिवसभर करतोस तरी काय ते बघू दे. पहिल्या आठवड्यात ती अकरा वेळा मेली. दर वेळी फोन करायची. "स्वतःच्या बहिणीला लांडग्याच्या तोंडी देतोस आणि वर त्याचा पगार घेतोस," असं म्हणून हसायची. एकदा मात्र हसली नव्हती. म्हणाली, "वॉर्डात नवा पेशंट आला की आम्ही आधी त्याला बसवतो, पाणी देतो. आल्या आल्या सुई टोचत नाही. जनावर माणसाळायला वेळ लागू दे रे, पण नव्या माणसाला मरायला इतका कमी वेळ का?" मास्तरांनी तेव्हा हूं केलं आणि विषय बदलला.

अस्वलासाठी तिने दोन दिवसांची सूट मागितली होती. नियम सगळ्यांना सारखा, असं त्यांनी सांगितलं. एकविसाव्या दिवशी तिने घाई केली, अस्वल अंगावर आलं, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून बावीस दिवस काढले. शेवटच्या दिवशी फोन आला तो इतकाच, की बसलं रे, माझ्या शेजारी बसलं.

ती गेली तेव्हा मास्तरांनी सगळे कागद भरले, सगळ्यांना कळवलं, कुणाला गाडी लागेल ते बघितलं. धीराचा माणूस, असं लोक म्हणाले. धीर वगैरे काही नव्हता. पाय झोपी जातो तसं काहीतरी आत झोपी गेलं होतं, आणि मुंग्याही येत नव्हत्या.

ताईच्या घराचं दार भाऊजींनी उघडलं. भाऊजी घड्याळं दुरुस्त करायचे. आता दुकान बंद होतं, पण डोळ्याचं भिंग अजून खिशात असायचं. त्यांनी मास्तरांना आत बसवलं. चहा टाकला. मास्तरांनी अस्वलाचं विचारलं तेव्हा त्यांनी खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं आणि नीट घडी करून बाजूला ठेवलं.

इस्पितळात असताना तिनेच सांगून ठेवलं होतं, असं ते म्हणाले. तीन दिवस उपाशी राहिलं की ते परत रानात जातं, तेव्हा सकाळी एक मासा टाकत जा. कुठलं बटण दाबायचं ते तिने दाखवलं होतं. त्यापलीकडे त्यांना त्या गेममधलं काही येत नव्हतं. तीन दिवसांचा तो नियमही मास्तरांनीच घातला होता.

"येतात रे माणसं तिच्याकडे," भाऊजी म्हणाले. "रोज येतात. फार दमलेली असतात बिचारी. आली की तिथेच आडवी होतात. झोपू दे म्हणून मी फडकं टाकून ठेवतो."

पडद्यावर तेव्हाच समुद्रातून एक नवखा वर आला. ओला, उघडा, इकडे तिकडे बघत झोपडीकडे निघाला. अस्वल उठलं. एवढ्यात चहा उतू जायला आला म्हणून भाऊजी आत गेले. ते कप घेऊन परतले तेव्हा नवखा वाळूत पडला होता.

"बघ," ते हळू आवाजात म्हणाले.

मास्तरांनी चहा घेतला. चांगला झालाय म्हणाले.

कचेरीत परतल्यावर त्यांनी बाईंना सांगितलं की जनावरांचं बळ ते निम्मं करणार नाहीत आणि बावीस दिवसांनाही हात लावणार नाहीत. नियम फक्त एकच घालायचा. बेटावर उतरल्यापासून पहिला पूर्ण दिवस कुठलंही पाळीव जनावर नवख्याला इजा करणार नाही. बाईंनी लगेच खोट काढली. जुने खेळाडू नवी नावं घेऊन उतरतील आणि दुसऱ्यांच्या झोपड्या साफ करतील. मास्तर म्हणाले, त्या दिवशी नवख्यालाही दुसऱ्याच्या वस्तूला हात लावता येणार नाही. ना त्याने घ्यायचं, ना जनावराने मारायचं.

बाईंनी मेलेल्यांची यादी पुढे ओढली; जवळजवळ प्रत्येक नावापुढे एकच अस्वल होतं. मग हे अस्वल नेमकं कुणाचं, असं विचारलं.

"माझ्या बहिणीचं," मास्तर म्हणाले.

ती वारल्याचं बाईंना ठाऊक होतं. आठवडाभर चालवून बघू म्हणाल्या.

आठवडा संपता संपता उत्तर किनाऱ्यावर मेलेल्यांचा आकडा एकोणीसवर आला. बाईंनी सगळ्यांसमोर मास्तरांचं कौतुक केलं. मास्तर बरं म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला. आवाज जरा घाबरा होता. माणसं आता आडवी होत नाहीत, बसून राहतात, आणि त्यांतलं एक जण काहीतरी विचारतंय, तू येऊन जा.

मास्तर गेले. पडद्यावर झोपडीपाशी एक नवखा अस्वलाच्या बाजूला बसला होता. त्याच्या डोक्यावर अक्षरं होती : हे अस्वल तुमचं का?

"काय सांगू?" भाऊजींनी विचारलं.

"जे आहे ते सांगा."

भाऊजींनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि कीबोर्डवरच्या अक्षरांवरून बोट फिरवायला लागले. सात महिन्यांत त्यांनी एकच बटण दाबलं होतं. एकेक अक्षर शोधायचे, सापडलं की मोठ्याने म्हणायचे आणि मग दाबायचे. मास्तरांनी खुर्ची जवळ ओढली, पण हात मांडीवरच ठेवले.

'माझ्या बायकोचं' इथपर्यंत यायला बराच वेळ लागला. नवखा तोवर उठून लाकडं गोळा करायला झाडीत शिरला होता. किनाऱ्यावर अस्वलाशिवाय कुणी नव्हतं.

"गेला वाटतं," मास्तर म्हणाले.

"येईल," भाऊजी म्हणाले. नजर अक्षरांवरून न काढता त्यांनी विचारलं, "'आहे'मधला आ कुठे असतो रे?"

मास्तरांनी बोटाने दाखवला.