सोळा जोड्या हजर

दुपारी बारा वाजून तीस मिनिटांनी लाँच मनोरीच्या जेट्टीवरून सुटली. शरच्चंद्र देवस्थळी जेट्टीवर पोचले तेव्हा बारा सदतीस झाले होते.

लाँच खाडीच्या मधोमध होती. मागच्या कठड्याला पांढऱ्या टोप्यांची रांग दिसत होती. टोप्या सकाळीच मंडळाने वाटल्या होत्या. शरच्चंद्रांनी हात वर केला. रांगेतल्या एकाने उलट हात हलवला, चांगला जोरात, गावातल्या कुणा अनोळखी माणसाला हलवावा तसा. मग लाँच कांदळवनाच्या वळणाआड गेली आणि इंजिनाचा आवाज तेवढा थोडा वेळ ऐकू येत राहिला.

त्यांनी हात खाली घेतला. फोन खिशात होता, चार्ज सत्तर टक्के होता, मुकुलचा नंबरही होता. त्यांनी फोन केला नाही. आता पाच मिनिटांत त्यांचाच येईल, असं त्यांना वाटलं.

सायंतारा ज्येष्ठ मंडळ, बोरिवली पश्चिम. वर्षाला चार सहली. ही जानेवारीतली, जाहिरातीत तिचं नाव ‘खाडी क्रूझ’ होतं. सकाळी बोरिवलीच्या बाजूने निघायचं, मनोरीला दीड तास थांबायचं, भरतीचं पाणी आहे तोवर परतायचं आणि सभागृहात जेवायचं. पत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरांत होतं : चर्च, जुनी विहीर, मासळी वाळवण्याची जागा, मसाल्याचं दुकान. समुद्रकिनारा नाही.

“क्रूझ म्हणालास आणि आणलंस कशातून रे,” लाँच पाहून सीताराम म्हणाला होता. तो मंडळातला सर्वांत जुना आणि दोन्ही कानांनी अधू. “ह्यातून तर मावश्या पापलेटं आणतात.”

“तुम्हाला पापलेटांपेक्षा जास्त भाव दिलाय, बसा गप,” मुकुल म्हणाला. मुकुल मंडळाचा आताचा सचिव. वय बासष्ट, म्हणजे मंडळात पोरगाच. त्याची बायको जयंतीही मंडळात. त्याच्या आधी अकरा वर्षं सचिव शरच्चंद्र होते.

हजेरीची पद्धत त्यांचीच. आधी एकेकाचं नाव पुकारत. सीतारामला ऐकू जायचं नाही, बायका गप्पांत असायच्या, वीस मिनिटं जायची. शरच्चंद्रांनी विमा कंपनीत छत्तीस वर्षं काढलेली. त्यांनी नियमावली केली, टाइप करून लॅमिनेट केली. त्यातला नियम चार : मोजणी जोडीने होईल, जोडीतील एकाने दोघांची हमी द्यावी. एकट्यांनी आपापसात जोडी लावून घ्यावी. हजेरी तीन मिनिटांवर आली. टाळ्या पडल्या होत्या.

चौदा महिन्यांपूर्वी त्यांची पत्नी मधुवंती गेली आणि नियम चार त्यांना लागू झाला. त्यांची जोडी रतनशी लागली. रतनही एकटा. त्या दोघांचं बोलणं बरं होतं, क्रिकेटपुरतं.

आज सकाळी रतन आला नाही.

“गुडघा सुजलाय त्याचा,” मुकुल हातातल्या यादीवर पेन टेकवत म्हणाला. “शरदराव, तुम्ही आमच्यात. मी, जयंती नि तुम्ही. चालेल ना?”

“चालेल.”

“चालेल काय, धावेल.” मुकुलने ‘रतन – शरच्चंद्र’ या ओळीवर आडवी रेघ मारली. सतराच्या सोळा ओळी झाल्या. रेघ मारलेल्या ओळीतलं एक नाव जिवंत आहे, ते कुठेतरी पुन्हा लिहायला हवं, हे शरच्चंद्रांच्या लक्षात आलं होतं. छत्तीस वर्षांचा डोळा. पण मुकुल तोवर टोप्या वाटायला गेला होता, आणि माजी सचिवाने फार सांगू नये असं त्यांनी पद सोडताना ठरवलं होतं. मधुवंतीने जुन्या साडीतून शिवलेली, पोपटी काठाची पिशवी त्यांनी लाँचच्या बाकावर ठेवली. आत पाणी आणि खाकऱ्यांचा डबा.

मनोरीत सगळं पत्रकाप्रमाणे पार पडलं. चर्च पाहिलं. विहिरीत डोकावून झालं. बांबूवर टांगलेल्या बोंबलांसमोर फोटो निघाले. मसाल्याच्या दुकानात बायका रमल्या तेव्हा बारा वाजले होते. दुकानाच्या बाजूने एक गल्ली पश्चिमेला जात होती. शरच्चंद्रांना ती गल्ली ठाऊक होती.

तीन वर्षांपूर्वी हीच सहल झाली होती, किनाऱ्यासकट. मधुवंती गुडघाभर पाण्यात उतरली, साडी एका हाताने धरून किनाऱ्याकिनाऱ्याने चालू लागली आणि दिसेनाशी झाली. तिला शोधून आणेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात ओहोटी लागली, लाँच चिखलात रुतली आणि चौतीस माणसं दीड तास उन्हात बसली. पुढच्या सभेत सचिवांनी, म्हणजे शरच्चंद्रांनीच, ठराव मांडला : यापुढे मनोरीच्या थांब्यात समुद्रकिनारा वगळावा. मधुवंती तिसऱ्या रांगेत बसली होती. तिनेही बाजूने हात वर केला. ठराव एकमताने मंजूर.

घरी जाताना ती एवढंच म्हणाली, “अहो, ठरावात माझं नाव तरी घालायचंत.”

ते हसले होते. ती हसली होती की नाही, हे त्यांना आता आठवत नव्हतं. या सहलीसाठी नाव नोंदवलं तेव्हापासून ते आठवायचा प्रयत्न करत होते. तेवढ्यासाठीच आले होते म्हणा ना.

गल्लीतून ते चालत गेले. दोन वळणं झाली, तसा पाण्याचा आवाज आला. एका कंपाऊंडच्या भिंतीपाशी ते थांबले. पलीकडे नारळ, त्यापलीकडे पांढरा उजेड. समुद्र अजून दिसत नव्हता. आणखी शंभर पावलं असतील. घड्याळात बारा एकवीस झाले होते. ते तिथे उभे राहिले, किती वेळ ते त्यांनी पाहिलं नाही. मग ठराव मांडणारा माणूस जसा वळेल तसे मागे वळले. वाटेत एका वळणाला चुकले. सात मिनिटं.

बारा एकेचाळीसला मंडळाच्या ग्रुपवर मुकुलचा मेसेज पडला : “सोळाच्या सोळा जोड्या हजर. खाडीत आहोत. शिस्तीबद्दल सर्वांचे आभार.” खाली अंगठे येऊ लागले. शरच्चंद्रांनी अकरा मोजले.

म्हणजे मुकुलने ‘मुकुल–जयंती’ असं पुकारलं असणार आणि स्वतःच हो म्हटलं असणार. नियमाप्रमाणे.

जेट्टीवर तिकिटाच्या खिडकीशेजारी सिमेंटचा बाक होता. ते तिथे बसले. मार्वेला जाणारी फेरीबोट येत होती, माणसं आणि स्कूटर उतरवत होती, भरून जात होती. तिच्यात बसलं की दहा मिनिटांत पलीकडे, पुढे रिक्षा, तासाभरात सभागृह. त्यात अवघड काही नव्हतं. पण आपलं आपण परत गेलो, की आपण मागे राहिलोच नव्हतो असं होईल. मुकुल म्हणेल, अरे शरदराव, जिलबी संपली बघा. आणि तेवढ्यावर मिटेल. त्यांना एकाने तरी विचारायला हवं होतं. कुणीही चाललं असतं.

तिकीट फाडणारा गुणाजी तिसऱ्या फेरीनंतर खिडकीतून बाहेर आला. मूळचा मालवणचा, पन्नाशीचा.

“काका, ते टोपीवाले तुमचेच मां? तुमका ठेवन गेले?”

“येईल फोन.”

“येयत म्हणजे? तुम्ही करा की.”

“त्यांच्या लक्षात आलं की करतील.”

गुणाजीने त्यांच्याकडे आणि मग खाडीकडे पाहिलं. “आणि नाय इला लक्षात?”

शरच्चंद्रांनी फोन खिशातून काढून पाहिला, पुन्हा ठेवला.

“घराकडे कोण आसा?”

“मुलगी. मुलुंडला. रात्री साडेआठला फोन करते.”

“मगे साडेआठापर्यंत हयच बसतलास?” गुणाजी आत गेला आणि दोन कप चहा घेऊन आला. “किनाऱ्यार तरी जावन येवा. रिक्षा उभी आसा. आता तुमका काय घाई?”

खरंच घाई नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदाच किनाऱ्याला हवा तेवढा वेळ होता. शरच्चंद्र उठलेही. मग त्यांना नियम सहा आठवला : चुकल्यास जिथे उतरलो तिथेच थांबावे, शोधणाऱ्यांची गैरसोय होऊ देऊ नये. नियम चार मुकुलला आठवला, तसा सहाही आठवेल. शोधायला कुणी आलं, तर ते जेट्टीवरच येणार. ते पुन्हा बसले.

“नको,” ते म्हणाले. “चहा छान आहे.”

“चायेत काय, पावडर आणि पाणी,” गुणाजी म्हणाला.

एक पंचावन्नला ग्रुपवर पंगतीचा फोटो आला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकी सोळा. रिकामी खुर्ची कुठेच नव्हती. वाढणाऱ्याने पानंच बत्तीस मांडली होती.

अडीचच्या सुमाराला पाणी उतरू लागलं आणि जेट्टीच्या पायऱ्यांवरची शेवाळलेली पट्टी उघडी पडली. त्यांनी दोन वडापाव घेतले, एक खाल्ला. तीन वाजून पाच मिनिटांनी मुकुलने आणखी एक फोटो टाकला. लाँचच्या बाकावरची पिशवी, पोपटी काठाची. “ही कुणाची राहिली? लाँचवाल्याने आणून दिली. आत डबा आहे. ओळख पटवून न्यावी.”

शरच्चंद्रांनी ‘माझी’ असं लिहिलं. पाहिलं. पुसलं.

तीन सोळाला सीतारामने लिहिलं, “लाँचवाल्याचीच असेल. त्याच्या बायकोचा डबा.”

“मग त्याने आणून कशाला दिली?” दुसऱ्या कुणीतरी.

“खाकरे आवडले नसतील,” सीताराम. खाली हसरे चेहरे आले. कुणी लिहिलं की डबा उद्या मंडळात ठेवा, कुणी लिहिलं की खाकरे आधी संपवा. मग संभाषण रतनच्या गुडघ्यावर गेलं आणि त्याने स्वतःच गुडघ्याचा फोटो टाकला. बर्फ लावलेला. ‘शरद कसा आहे, मजा केली का?’ असं रतनने विचारलं होतं. पण ते शरदला उद्देशून नव्हतं, मुकुलला होतं, आणि मुकुलने अंगठा दाखवला.

शरच्चंद्रांनी तो अंगठा बराच वेळ पाहिला. चार्ज एकोणीस टक्के होता. गुणाजीने खिडकीतून विचारलं, “काका, फाडू तिकीट? आता नायतर पुढची अर्ध्या तासान.”

“फाडून ठेवा,” ते म्हणाले.

चार वाजून बारा मिनिटांनी जयंतीने पिशवीच्या फोटोखाली लिहिलं. जयंती मधुवंतीची मैत्रीण. शरच्चंद्रांना ती भावजी म्हणते. साड्यांची खरेदी त्या दोघींनी कायम बरोबर केलेली.

“अहो, ही तर मधुवंतीची. ह्याच काठाची साडी मी पण घेतली होती.”

खाली कुणीतरी जोडलेले हात टाकले. मग आणखी एकाने. मग आणखी दोघांनी. पिशवी आज कुणी आणली, हे कुणी विचारलं नाही. जयंतीच्या नावापुढे ‘टाइप करत आहे’ असं दिसू लागलं. ते गेलं, पुन्हा आलं.

फेरीबोट जेट्टीला लागली होती. गुणाजीने हाक मारली. शरच्चंद्र एका हातात तिकीट आणि एका हातात फोन धरून पहिल्या पायरीवर उभे होते. चार वाजून अठरा मिनिटांपर्यंत जयंतीचा पुढचा मेसेज आलेला नव्हता.