बाई सुट्टीवर होत्या

अग्निशमन केंद्राच्या प्रमुख बाईंना दहा हात आहेत आणि त्यातला एकही रिकामा नाही, असं केंद्रातले जवान म्हणायचे. त्यात फारसं खोटं नव्हतं. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. घरी अर्धांगवायूतून उठलेले सासरे, म्हणजे अप्पा, आणि पोहण्याच्या स्पर्धांमागे लागलेली लेक, चिमणी. पहाटे चिमणीला तलावावर सोडायचं, परत येऊन अप्पांच्या हाताचा व्यायाम घ्यायचा, त्यांना कपडे चढवायचे, डबे भरायचे आणि हजेरीच्या आधी केंद्रात उभं राहायचं. तिथे गाड्यांची तपासणी, कवायत, बैठका. कुणी मदतीला पुढे आलं की बाई म्हणायच्या, "राहू दे, मी पटकन करते." या 'पटकन'चा त्यांना भारी अभिमान होता.

एका सकाळी कवायतीत बाईंचे डोळे उघडे होते, पण अपुऱ्या झोपेमुळे मन जागेवर नव्हतं. पुढच्या जवानांनी पाइपचं तोंड नीट धरायच्या आधीच त्यांनी पाणी सोडायची खूण केली. पाइप उसळला आणि त्यांचा दुय्यम अधिकारी, ज्याला उंचीमुळे सगळे लंबू म्हणत, त्याच्या खांद्यावर आदळला. मुक्या मारावर निभावलं. लंबूने हसून वेळ मारून नेली, बाकी कुणी चकार शब्द काढला नाही. ते न बोलणंच बाईंच्या जिव्हारी लागलं. खरी आग असती तर, या विचाराने दिवसभर पाठ सोडली नाही.

संध्याकाळी अप्पांना फिरायला न्यायचं म्हणून त्या त्यांच्या पायात मोजे चढवत होत्या. अप्पांनी पाय मागे घेतला. आजारपणापासून त्यांचा एकेक शब्द सावकाश यायचा.

"मोजे मला घालता येतात."

"अप्पा, फार वेळ लागतो तुम्हाला."

"वेळ माझ्याकडे आहे. तुझ्याकडे नाही. आणि दमलीस की तू मला गाठोड्यासारखा बांधतेस."

बाई आधी दुखावल्या, मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि अप्पांची खटपट बघत राहिल्या. हात सारखे शिवशिवत होते, ते मांडीखाली दाबून धरावे लागले. दुसरा मोजा उलटा चढला, पण अप्पांची मान काय ताठ झाली होती!

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या जवानांसमोर लंबूची माफी मागितली आणि कवायत त्याच्याकडे सोपवली. तुमच्यासारखं मला जमायचं नाही, म्हणून तो अंग चोरू लागला. "मग तुझ्यासारखं कर," एवढंच त्या म्हणाल्या. घरी डबे अप्पा आणि चिमणी मिळून भरू लागले. भाजीत कधी मीठ दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. बाई मुकाट्याने खायच्या. कामावरून आल्यावर दार लोटून त्या चक्क थोडा वेळ झोपू लागल्या. सुरुवातीला चोरी केल्यासारखं वाटे. मग लक्षात आलं, की चिमणीचं बोलणं आता नुसतं 'हं हं' न करता ऐकता येतं, आणि कुठे काय बिनसलंय ते केंद्रात पाऊल टाकताच कळतं.

चिमणीच्या मोठ्या स्पर्धेच्या दिवशी बाईंनी रजा घेतली. तलावाच्या पायऱ्यांवर अप्पांशेजारी त्या बसल्या होत्या. चिमणीची शर्यत पुकारली गेली, आणि तेवढ्यात अग्निशमन गाडीचा भोंगा ऐकू आला. पाठोपाठ दुसरी गाडी गेली. समोरच्या इमारतींमागून काळा धूर वर चढत होता. एवढ्या धुरावरूनच बाईंनी ओळखलं, आग साधी नाही.

त्या उठून उभ्या राहिल्या. हात फोनकडे गेला. मग त्यांच्या डोळ्यांसमोर लंबू उभा राहिला, गाडीतून उतरून चारी बाजूंनी इमारत न्याहाळणारा, जवानांना कामं नेमून देणारा. नेमक्या त्या वेळी आपण तिथे धापा टाकत पोचलो, तर सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळतील. तो कमी पडला म्हणून आपण आलो, असंच त्याला वाटेल. मदत लागली तर तो मागेल. मागायला त्याला शिकवलंय. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाई खाली बसल्या. नजर त्यांनी पाण्यावर रोखली.

चिमणी शेवटच्या फेरीत मागून पुढे आली. बाईंना ओरडायचंही भान राहिलं नाही, अप्पाच तेवढे काठी आपटत होते. हात एवढा लांब टाकायला ही कधी शिकली, बाईंना पत्ताच नव्हता.

पोरगी ओल्या केसांनी येऊन गळ्यात पडली, तेव्हा फोन वाजला. लंबूचा आवाज धुराने घोगरा झाला होता. गोदामाला आग लागली होती, वरच्या मजल्यावरची माणसं गच्चीवरून उतरवली, सगळी सुखरूप, आपले जवानही. मधेच वारा फिरला, म्हणून एक पाइप मागच्या गल्लीतून घ्यावा लागला. बाईंनी तो तिकडून घेतलाच नसता, पण तेच बरोबर ठरलं होतं. त्यांनी मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. असा अभिमान स्वतःच्या कुठल्या कामाचाही त्यांना कधी वाटला नव्हता.

"शाब्बास," त्या म्हणाल्या.

पलीकडे लंबूने खोकून घसा मोकळा केला. मग विचारलं, "मॅडम, आपली चिमणी कितवी आली?"

"दुसरी," बाई म्हणाल्या, एवढ्या मोठ्याने, की खालच्या पायरीवरच्या लोकांनी वळून पाहिलं.