तड्यावर जिराफ

मी आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका खेड्यातल्या शाळेची भिंत बोलतेय. रंगीत दिसते म्हणून भुलू नका. आतून मी पेटलेली आहे.

माझा जन्म इथल्याच मातीतला. शाळा हवी तर विटा पालकांनी द्यायच्या, ही इथली रीत. आयाबायांनी नदीवरून पाणी वाहिलं, बापांनी विटा पाडल्या, भट्टी लावून भाजल्या. विटा खणखणीत निघाल्या, पण पाया उथळ खणला. प्रत्येक पावसाळ्यात पायथ्याची माती वाहून गेली आणि माझ्या अंगावर खालपासून वरपर्यंत तडा गेला.

पाऊस सरून थंडी पडली की दरवर्षी चर्चचे गोरे पाहुणे येतात. सेवा करायला! येताना रंग आणतात. आधी तड्यावर वेल काढली, मग इंद्रधनुष्य, आणि गेल्या वर्षी जिराफ. तडा नेमका त्याच्या मानेत बसला, म्हणून किती खूश झाले! इथल्या एकाही पोराने जिराफ पाहिलेला नाही. पोरं त्याला लांब मानेची शेळी म्हणतात.

निघताना त्यांचे पास्टर ब्रॅड ठरलेलं वाक्य बोलतात, "इथे येऊन आमची दृष्टीच बदलली." दृष्टी बदलली म्हणे! मग तडा कसा दिसला नाही?

पण राग एकट्या त्यांच्यावर का काढू? आमचा मुखिया कालिंडेही काही कमी नाही. पाहुण्याने दिलेलं वाकून, दोन्ही हातांनी घ्यायचं, टाळ्या वाजवून आभार मानायचे आणि आपल्याला काय हवं ते चुकूनही बोलायचं नाही, हा त्याचा हट्ट. गाव रीत पाळतं आणि पोरं माझ्याखाली बसतात.

आज मात्र आक्रीत घडलं. गेल्या वर्षी ती मान रंगवणारी पाहुणी केटलिन शाळेच्या तमांडाबाईंना कौतुकाने ब्रश देत होती. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हात पुढे कर, बाई! पाहुण्यांसमोर गावाचं नाक कापतेस?" मुखिया गुरकावला.

"नाक राहू द्या, मुखिया. पोरांची डोकी फुटतील त्याचं काय?" आणि केटलिनकडे वळून बाई इंग्रजीत म्हणाल्या, "रंग नको गं. ही भिंत पाडायला मदत कर."

केटलिनने जिराफाची मान नखाने खरवडली. रंगाचा पोपडा निघाला, मागची भुसभुशीत माती ढासळली आणि तिचा हात मनगटापर्यंत आत गेला. "हे मीच झाकलं होतं," असं म्हणून ती तिथेच रडायला लागली.

ब्रॅड घड्याळ बघत म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू या. आज निदान जिराफ तरी पुन्हा रंगवू." आणि आमच्या मुखियाने वाकून, दोन्ही हातांनी रंगाचा डबा घेतला!

उद्या पाहुण्यांचा निरोप समारंभ याच वर्गात आहे. ढोल वाजतील, पोरं उड्या मारून नाचतील, आणि आता माझ्यात उभं राहायचं बळ उरलेलं नाही. मी पडणारच आहे. आत कुणी नसताना पाडा मला, एवढंच मागते. माझ्या विटा अजून चांगल्या आहेत. पाया खोल खणा आणि त्याच विटा पुन्हा रचा.

केटलिन, तू अजून माझ्यासमोर बसून रडतेयस. पुरे झालं. ऊठ आणि कुदळ घे.