पहिला संशय चार्जरवर

मित्रांनो, मी लॅपटॉपचा एक जुना चार्जर आहे. आणि आधीच सांगून मोकळा होतो, डुप्लिकेट आहे. नंतर कळलं तर तुम्हीच म्हणाल, बघा, लपवलं बेट्यानं!

तसा मी काही गुणी बाळ नाही. जयपूरच्या कोरड्या थंडीत कुणी अनवाणी येऊन लॅपटॉपला हात लावला की त्याच्या बोटाला असा बारीक झटका द्यायचा, की माणूस 'आई गं' करून दोन पावलं मागे, ही माझी आवडती खोडी. पायात वायर घालून भल्याभल्या पाहुण्यांना मी लोटांगणं घालायला लावली आहेत. पण खोडी वेगळी आणि घात वेगळा. घात मी कधी केला नाही. तरी घरात काही बंद पडलं की पहिली बोटं माझ्याकडेच वळतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. डोळे उघडले ते जयपुरातल्याच मानसरोवर भागातल्या एका दुकानात, मोबाइलच्या कव्हरांच्या मागं. दुकानदार मुरलीधरजी. समोर गिऱ्हाईक विनया, आमची मालकीण. कंपनीचा चार्जर जळाला म्हणून आली होती.

"मैडम, ये लो. बिल्कुल ओरिजिनल जैसा," मुरलीधरजी म्हणाले.

"जैसा मतलब?"

"मतलब ओरिजिनल ही समझो."

विनयानं मला उलटा केला, सुलटा केला, वास घेतला. वास! मी काय भोपळा आहे? घेतलं मात्र मला, आणि त्या दिवसापासून तिची नजर माझ्यावर. जरा गरम झालो की हात लावून बघायची आणि म्हणायची, "हा काहीतरी करणार एक दिवस."

विनया मूळची सांगलीची. जयपूरजवळ सांगानेरला कापडावर लाकडी ठशांनी छपाई करतात ना, तिथल्या एका युनिटसाठी ती नक्ष्या काढायची. वेली, बुट्ट्या, किनारी. सगळं लॅपटॉपवर. मग कारागीर तिची नक्षी लाकडात कोरायचे आणि तिच्या वेली चादरींवर चढून कुठल्या कुठल्या देशांत जायच्या. चादरीवर मालकाचं नाव. विनयाचं कुठंच नाही.

लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती. मी जोडलेला असलो तरच तो चालायचा. मी बाहेर आलो की तो आडवा. म्हणजे तिच्या सगळ्या वेलींना पाणी घातलं ते मी. एकदा ती मैत्रिणीला फोनवर म्हणाली, "चार्जर डुप्लिकेट आहे, पण चालतोय बिचारा." एवढंच कौतुक. मी त्यावर वर्ष काढलं.

मग पुण्याहून बोलावणं आलं. एका कापड कंपनीला डिझाइन विभागाला प्रमुख हवी होती. मुलाखत ऑनलाइन, दुपारी चारला. त्यांच्यासमोर स्क्रीनवर एक नक्षी काढून दाखवायची, म्हणजे फोनवर भागणार नव्हतं. तारीख पुढं ढकलता येईल का, असं तिनं विचारलं, तर तिकडून उत्तर आलं की मग आम्ही दुसऱ्या उमेदवाराकडे वळू.

झालं! घरातली हवा बदलली. कारण पुण्याला जावंसं वाटत होतं ते एकट्या विनयाला.

तिचा नवरा शुभंकर सीतापुऱ्याच्या एका कॉलेजात शिकवतो. त्याचे वडील अकोल्याहून डॉक्टर म्हणून इथं आले, पण हा जन्मला इथंच, शिकला इथंच, दोस्त इथलेच. पुण्याला गेला तर दोन दिवसांत म्हणतो, इथली कचोरी काही खरी नाही. मुलगी मिताली अकरा वर्षांची. मराठी बोलते, पण वाक्याला शेपूट हिंदीचं. तिच्या सगळ्या मैत्रिणी मानसरोवरात. दोघंही तोंडानं म्हणत होते, "जाऊ या ना!" इतक्या पटकन म्हणत होते, की मला संशय आला. मला आला तर विनयाला येणार नाही?

मुलाखतीचा दिवस नेमका खंडेनवमीचा. सकाळी शुभंकरनं स्वतः पोहे केले. मित्रांनो, या माणसाला घरात मोहरीचा डबा कुठला हे माहीत नव्हतं. विनया पोहे खाता खाता त्याच्याकडे अशी बघत होती, जणू पोह्यांत काहीतरी घातलंय.

मग तिनं हत्यारांची पूजा मांडली. पाटावर कात्री, ठसे, रंगांचे ब्रश आणि मधोमध लॅपटॉप. मला काढून बाजूला वेटोळं घालून ठेवलं, नागोबासारखं. हळद, कुंकू, झेंडू, ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता. माझ्या पोटावरही हळदीचं बोट ओढलं. डोळे मिटून म्हणाली, "आजचा दिवस सांभाळ रे." मला म्हणाली, का लॅपटॉपला, का देवाला, कळलं नाही. मी आपलं 'हो' म्हणून ठेवलं.

पूजा झाली. तिनं सगळं पुसलं, लॅपटॉप उचलून टेबलावर नेला, मला त्याच्या भोकात खुपसलं आणि बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. पंख्याची घरघर नाही, दिव्याची उघडझाप नाही. मेल्यासारखा गप्प. माझा हिरवा दिवा मात्र छान जळत होता. मला काहीतरी टोचत होतं. नेहमीसारखा आत पुरता शिरत नव्हतो, तोंडाशी काहीतरी टणक आडवं आलं होतं. कुणीतरी मुद्दाम काहीतरी घातलंय, मी ओळखलं. आणि मनात पहिलं नाव आलं ते पोहेवाल्याचं. खोटं कशाला बोलू?

"शुभंकर! हा चालू होत नाहीये!"

"स्विच ऑन आहे का?"

"मी काय मूर्ख आहे?"

"नाही, मतलब, पहिले तेच बघतात ना यार."

मग सुरू झाली आमची उलटतपासणी. मला हॉलच्या सॉकेटला लावलं. मग स्वयंपाकघरात मिक्सरच्या. मग मला काढून बटण नुसतं दाबून धरलं, सोडलं, परत लावलं. म्हणे आत साचलेली वीज निघून जाते आणि कधी कधी गाडी सुरू होते. नाही झाली. वायर वाकवून पाहिली, मुरगाळून पाहिली. माझी मान मोडायची बाकी राहिली.

"मिताली, काल तू यावर काय बघत होतीस?"

"मम्मा, कसम से, मी हात पण नाही लावला!"

"मग कोपऱ्यावर सॉस कसला?"

"तो तर जुना आहे. टेस्ट करून बघ."

"शुभंकर, तुझा कॉलेजचा लॅपटॉप दे."

"तो स्टाफरूममध्ये आहे. कुलूप आहे, सुट्ट्या आहेत ना."

"एरवी रोज घरी आणतोस."

"सुट्टीत कशाला आणू?"

"बरोब्बर आजच सुट्टी."

"नवमी मी आणली का, विनया?"

तिनं सरळ मला आणि लॅपटॉपला पिशवीत कोंबलं, स्कूटर काढली आणि थेट मुरलीधरजींचं दुकान. त्यांनी मला वर धरलं, नाक मुरडलं.

"मैडम, चार्जर डुप्लिकेट है."

"आप ही ने तो दिया था!"

मुरलीधरजी जरा खोकले. मीटर लावून पाहिलं, मी ठणठणीत. मग त्यांनी दुसरा चार्जर खुपसला, तोही अर्धवटच गेला, पण भोकात डोकावणार कोण? ग्राहक घाईत आहे हे त्यांनी ओळखलं होतं. "बोर्ड गया. छोड़ जाओ, तीन-चार दिन में देखते हैं."

"छोड़ जाऊँ? और आप अंदर से क्या-क्या निकाल लोगे?"

मला लॅपटॉपची दया आली आणि विनयाचा अभिमान वाटला. तिनं आम्हाला परत पिशवीत कोंबलं.

घरी आली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता, की मिताली आपणहून अभ्यासाला बसली. विनया शुभंकरसमोर उभी राहिली.

"खरं सांग. तूच काहीतरी केलंस ना?"

"मी?"

"तुला जायचं नाहीये. कधीच नव्हतं. सरळ म्हणायचंस ना तोंडावर. हे असलं कशाला?"

जायचं नव्हतं, हे खरंच होतं. म्हणून त्याला पटकन 'नाही' म्हणता येईना. आणि तो गप्प राहिला, म्हणून तिची खात्री पटली. ती आत जाऊन पलंगावर बसली.

त्यानं लॅपटॉप पिशवीतून काढला, मला पुन्हा भोकात खुपसलं आणि गॅलरीत आला. मी भोकात लटकत होतो. उन्हात त्यानं मला निरखलं. माझ्या टोकाची चकचकीत कड बाहेर दिसत होती, दिसायला नको होती. त्यानं मला उपसलं, फोनची बॅटरी लावली, एक डोळा मिटून भोकात पाहिलं.

आत एक लालचुटुक अक्षत बसली होती. कुंकवानं चिकटलेली, मी रेटून रेटून घट्ट केलेली.

मी मनात हुर्रे केलं. सुटलो! पोहेवाला सुटला, सॉसवाली सुटली, मी सुटलो! आता हा ओरडणार, 'विनया, ये, बघ तुझी पूजा!' आणि मला मजा बघायला मिळणार.

तो ओरडला नाही.

मित्रांनो, साक्षीला मी एकटा होतो. त्याला काही करावंही लागणार नव्हतं. फक्त मला परत खुपसायचं आणि म्हणायचं, 'नाही गं, गेला हा.' चार वाजून जातील. पुणे जाईल. घर इथंच, कॉलेज इथंच, कचोरी इथंच. देवानंच केलं म्हणायचं. त्यानं मला भोकापाशी आणलंसुद्धा. सकाळपासून ज्याचा संशय होता, ते तो आत्ता पहिल्यांदा करणार होता.

तेवढ्यात आतून मितालीचा आवाज आला. "मम्मा, मग आता आपण इथेच राहणार ना?"

विनया म्हणाली, "हो."

रागानं म्हणाली असती, तर काय झालं असतं कोण जाणे. पण ती इतक्या शहाण्यासारखी म्हणाली, की शुभंकरचा हात खाली आला.

दात कोरायच्या काडीनं त्यानं ती अक्षत हळूच कोरून काढली. तळहातावर ठेवली. मी वाट बघत होतो, आता दाखवणार, आयुष्यभर हिला ऐकवणार. आणि या बाबानं काय करावं? अक्षत तोंडात टाकली आणि गिळली! पुरावाच पोटात.

आत येऊन त्यानं मला लावलं. मी सपकन पूर्ण आत गेलो. बटण दाबलं. पंखा घरघरला, स्क्रीन उजळली. विनया धावत आली.

"कसा झाला? काय होतं?"

शुभंकरनं माझ्याकडे बोट दाखवलं. "चार्जर नीट बसला नव्हता."

"मला वाटलंच होतं! डुप्लिकेट मेला!"

माझा फ्यूज उडायचा बाकी होता. पण तिच्या चेहऱ्यावर इतक्या तासांनी रंग आला होता. मी गिळलं. त्यानं अक्षत गिळली, मी आळ गिळला.

"मी तुला उगाच बोलले," ती म्हणाली. मग थांबली. "तुझ्या ओठाला लाल काय लागलंय?"

"पान खाल्लं."

"तू? पान? आणलं कुणी?"

"चार वाजतायत यार, बस ना तू!"

ती बसली. एक डोळा बारीक करूनच बसली. पण कॅमेरा सुरू झाला तशी सरळ झाली आणि पुणेवाल्यांसमोर अशी एक वेल काढली, की तिकडची बाई म्हणाली, "थांबा, ही पुसू नका." वेल पूर्ण होईपर्यंत मी श्वास रोखून धरला होता. गरमही झालो नाही.

नोकरी मिळाली. मितालीची परीक्षा झाल्यावर सामान बांधायला काढलं. विनयाला कंपनीनं नवा लॅपटॉप दिला, त्याचा स्वतःचा अस्सल चार्जर. माझं काम संपलं. तुटक्या इअरफोनांच्या आणि गाठी पडलेल्या वायरींच्या खोक्यात पडलो. परवा विनयानं मला शेपटीला धरून बाहेर काढलं.

"हा टाकून दे. याच्यामुळे त्या दिवशी घात होणार होता."

"राहू दे," शुभंकर म्हणाला. "कामाचा आहे."

"कसल्या कामाचा?"

"आहे गं." आणि त्यानं मला पुण्याच्या खोक्यात, स्वतःच्या पुस्तकांच्या खाली ठेवलं. विनयानं परत एक डोळा बारीक केला.

तर मित्रांनो, आमच्यासारख्यांची जरा काळजी घ्या. वायर पिळू नका, भोकात अधूनमधून डोकावत जा, पूजा मनापासून करा पण अक्षता जरा लांबून टाका. आणि कधी घरात एकमेकांचा संशय येऊ लागला, भांडण पेटायला आलं, तर सरळ म्हणा, चार्जरनं केलं. मला सवय आहे.