विमलबाईंची नाडी

तरन्नुम सिस्टर फेसबुकवर नाव न सांगता 'ड्युटीनंतर' नावाचं पान चालवायची. राहून गेलेला डबा, इंजेक्शन बघून पलंगाखाली शिरलेला पैलवान, असलं काहीबाही ती लिहायची. गावोगावच्या नर्सेस वाचून हसायच्या, 'आमच्याकडंबी असंच' म्हणायच्या. परवाची पोस्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. ऑक्सिजनचं सिलिंडर रिकामं निघालं, दुसरं यायला पस्तीस मिनिटं लागली आणि म्हातारी गेली. ती पोस्ट जिल्हाभर फिरली.

आज भर दुपारी मेट्रन सुभद्राबाईंनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. नोकरी कंत्राटी, मुदत महिनाअखेरची. घरी अब्बांचा फळांचा गाडा आता निम्मे दिवस बंदच असायचा, आणि धाकट्या मेहेकचं कॉलेज हिच्याच पगारावर चाललेलं.

"पोस्ट तूच लिवली," सुभद्राबाई म्हणाल्या.

"मला काय माहीत, मॅडम, कुणाची हाय."

"म्हातारीचं नाव बदललंस. धारूरकडचं गाव बदललंस. सुनेची लेक केलीस. लई शानी! पर नाडी एकशे अठरा, ऑक्सिजन एक्क्याऐंशी, वेळ दोन दहा. विमलबाईच्या चार्टवर तुझ्या हातानं हेच लिवलेलं. एवढं कावून न्हाई बदललं?"

खरंच, बाकी सगळं बदलताना आकडे बदलायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मोजलं तेच लिहायचं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षी डोक्यात ठोकून बसवलेलं. आणि ठोकणारी बाई आता समोरच बसली होती.

सुभद्राबाईंनी एक नवाकोरा चार्ट पुढं सरकवला. "उद्या चौकशी हाय. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी चार्ट नवा करायला लावलाय. पोस्ट काढ, ह्याच्यावर सही कर. नोकरीची नवी ऑर्डर संध्याकाळी तुझ्या हातात."

"आन् जुना?"

"साहेबांनी नेला. तो आता गावायचा न्हाई."

तरन्नुमनं चार्ट वाचला. दोन दहाला सिलिंडर लावलं, ऑक्सिजन चौऱ्याण्णव. अक्षर वळणदार होतं, बाईंचंच. तिला रागापेक्षा लाज जास्त वाटली, आणि ती स्वतःची नव्हती.

"हे चौऱ्याण्णव तुमी मोजलं का, मॅडम?"

"सही कर," सुभद्राबाई खिडकीकडं बघत म्हणाल्या.

तरन्नुमनं पेन काढलं. चूक झाली तर गिरगटायचं नाही, एकच रेघ मारायची, बाजूला खरं लिहून सही करायची, वेळ टाकायची, हेही बाईंनीच शिकवलेलं. तिनं चौऱ्याण्णववर एक रेघ मारली आणि एक्क्याऐंशी लिहिलं. सिलिंडर लावल्याची वेळ खोडून दोन पंचेचाळीस केली. खाली सही केली आणि मेहेकची फी आठवून डोळे मिटले.

टेबलावरचा फोन वाजला. साहेबांचा आवाज तरन्नुमपर्यंत येत होता. "झाली का सही?"

"झाली, साहेब," सुभद्राबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

चार्ट त्यांनी आपल्याकडं ओढला. आता फाडतात, असं तरन्नुमला वाटलं. बाईंनी चष्मा पुसला, दोन्ही रेघा नीट पाहिल्या. मग तरन्नुमच्या सहीखाली स्वतःची सही केली, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि वेळ टाकली, तीन पंचवीस.