झाकण मिटलं होतं

मित्रांनो, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका घरात लोखंडी कपाटावर एक पोते पडले आहे. त्यात तुटक्या मिक्सरशेजारी मी आहे, एक फुगलेला, जुना लॅपटॉप.

एका कंपनीने मला काही वर्षे राबवले आणि मोडीत काढले. तिथे नोकरी करणाऱ्या सोनालीने मला घरी आणले, माझ्यावर लिनक्स ही नवी प्रणाली चढवली. पण माझी झोप बिघडली होती. झाकण मिटले की मी झोपायचो, उघडल्यावर मात्र पडदा काळाच राहायचा. सोनाली चिकाटीची. तिने डिस्कचा एक कोपरा राखून ठेवला. चार्ज संपत आला की हातातले काम तिथे उतरवायचे आणि मगच बंद व्हायचे. एका फाईलमध्ये तिने माझ्यासाठी हुकूम लिहिला, झाकण मिटले की झोप. मग कितीदा तरी झाकण उघडले, मिटले. शेवटी मी नीट जागा झालो तेव्हा ती ओरडलीच, "आई, उठला बघा! आता हा तुमचा."

आई म्हणजे तिच्या सासूबाई, विमलाबाई. त्या गोधड्या शिवतात. भोवती नव्या इमारती झाल्या, पण तिथल्या लोकांना हे घर ठाऊक नाही. म्हणून दारावर पाटी लावायची आणि तिच्यावरचा मजकूर स्वतः लिहायचा, असे विमलाबाईंनी मनात धरले होते. अक्षर मात्र एकही येत नव्हते. सोनाली रोज संध्याकाळी त्यांना माझ्यासमोर बसवू लागली.

त्यांचे यजमान गेनबा ओट्यावरून विचारायचे, "आता दप्तर बी आणू का?"

"आणा की. डबा मात्र तुमी भरायचा," असे म्हणून विमलाबाई एका बोटाने 'ग' शोधत राहायच्या.

सोनालीने त्यांना सांगून ठेवले होते, "झाकण मिटलं की हा झोपतो, आई. टक् वाजलं की खुशाल झाका." विमलाबाईंनी जुन्या लुगड्याची जाड खोळ शिवली माझ्यासाठी. कंपनीत मला कोणी साधे पुसलेही नव्हते.

पाटीचा मजकूर तयार झाला. 'गोधडी शिवून मिळेल. कापड तुमचे, टाके माझे. विमल.' तो फक्त माझ्यापाशी होता. सोमवारी छापून आणायचे ठरले.

रविवारी सोनाली माहेरी गेली. तिचा नवरा सूरज याने सामना पाहायला मला टीव्हीला जोडले. झाकण मिटले की सामना बंद पडायचा. "काय सारखा झोपतो हा!" म्हणत त्याने ती फाईल शोधली आणि माझा हुकूम बदलला. झाकण मिटले तरी जागाच राहा. सामना संपल्यावर त्याने टीव्हीची वायर काढली, झाकण ढकलले आणि बाहेर पडला. बदललेला हुकूम तसाच राहिला, सामन्याचे पानही चालूच.

विमलाबाई आल्या. झाकण जरा वर होते ते त्यांनी दाबले. टक् वाजले. त्यांनी मला खोळीत घातले आणि गोधड्यांच्या चळतीवर ठेवले.

आत जुन्याच सामन्याची चित्रे धावत होती. पंख्याला हवा मिळेना. मला झोपायचे होते, पण हुकूम नव्हता. मी तापत गेलो, बॅटरी फुगली, पाठ उसवली.

संध्याकाळी माहेरून परतलेल्या सोनालीला जळका वास आला. दुरुस्तीवाल्याने हात झटकले. बोर्ड जळाला होता, डिस्कही गेली होती.

"आई, झाकण नीट मिटलं नव्हतं तुम्ही."

"मिटलं होतं गं. टक् वाजलं."

"मग झोपला कसा नाही? मी किती वेळा टेस्ट केलंय!"

"सूरज, तू सांग की रं. दुपारी तूच लावला होतास ना?"

सूरज माझ्याकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "मी बंद करूनच गेलो होतो. तुला काय कळतं गं त्यातलं, आई? कशाला हात लावतेस?"

विमलाबाईंनी खोळीचे टाके उसवले आणि त्या कापडाची फडकी केली.

पुढे सूरजनेच फ्लेक्स करून आणला. त्यावर मोठी इंग्रजी अक्षरे, एक हसरे बाळ आणि सूरजचा नंबर. "बाळ कुणाचं हाय?" गेनबांनी विचारले. कोणी हसले नाही.

सोनालीने नवा लॅपटॉप घेतला. तिचा राग ओसरला होता. "आई, या ना. आपण परत लिहू."

"नको बाई. मला काय कळतं त्यातलं?" विमलाबाई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

मित्रांनो, दुसऱ्याच्या यंत्राची मांडणी बदललीत तर पूर्ववत करून ठेवा. विसरलात, तर निदान कोणी विचारल्यावर तोंड उघडा. मला तोंड नव्हते. सूरजला होते.