पावसाला दिलेला पत्ता

करुणा ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर कोविडचे स्वॅब तपासून ती घरी आली की कुंपणापलीकडून शेजारच्या चिनी मेई आंटींची हाक ठरलेली. आजची हाक जरा लाडिक होती.

"करुणा, तू बुद्धिस्ट ना? मग तुला जमेल."

ऑक्टोबर संपत आलेला, डार्विनचा पावसाळा तोंडावर. आभाळ रोज भरून यायचं आणि नुसता घाम काढून निघून जायचं. पाऊस पडावा, रोगराई टळावी म्हणून आंटींकडे दरवर्षी ताओ पंथाची पोथी वाचली जायची. पण पोथी वाचणारे मास्टर फंग यंदा मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागात लेकीकडे लॉकडाउनमध्ये अडकले होते. म्हणून विधी व्हिडिओ कॉलवर.

"आंटी, आम्ही नवससायास मानत नाही."

"मानू नकोस. फोन धर. माझे हात कापतात."

आता फोन धरण्यात कसला आलाय धर्म? करुणाने धरला. मास्टर जरीच्या झग्यात मोठे रुबाबदार दिसत होते. उठून वाकले तेव्हा खालची फुटबॉलची शॉर्ट्स दिसली. घंटा वाजली. पाऊस पाडणाऱ्या ड्रॅगनराजाच्या नावाचा पिवळा अर्ज ते खड्या आवाजात वाचू लागले आणि पाऊस कुठे पाडायचा त्या पत्त्यापाशीच नेमकं चित्र थिजलं. परत आलं तेव्हा अर्ज वाचून संपला होता. आंटींनी आपल्याकडची प्रत बादलीत जाळली.

दुसऱ्या दिवशी आंटी फोनवर कडाडत होत्या. मेलबर्नला धो धो पाऊस! मास्टरांच्या लेकीच्या गॅरेजमध्ये पाणी!

"पत्ता कुठला वाचलात?"

"मी बसलोय तिथला," मास्टर ओशाळून म्हणाले. "सवयीने."

करुणाने फोन हिसकावला. "मास्टर, परत वाचा! आणि पोस्टकोडसकट! शून्य, आठ, एक..."

बोलता बोलता तिने जीभ चावली. आपण हे काय बोलतोय? आंटी मात्र हसून हसून खुर्चीत कोसळल्या होत्या.

पत्ता परत वाचला गेला. त्या दिवशी थेंबही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. "बघा, म्हटलं नव्हतं?" असं करुणा तोऱ्यात म्हणाली खरी, पण मनातून जरा हिरमुसलीच.

आठवड्याने ती शिफ्टवर असताना पाऊस कोसळला. भिजत घरी आली, तर तिचे दोरीवरचे कपडे आंटींनी घड्या घालून ठेवलेले, शेजारी गरम डंपलिंग्ज.

"सीझनच आहे आंटी. आज ना उद्या पडणारच होता."

"हो ना," आंटी म्हणाल्या, "पण आपल्याकडे पडला!"

दोघींचा वाद डंपलिंग्ज गार होईपर्यंत रंगला.